खाडी ते खाडी : आपल्या किनाऱ्याची सायकलवाट आणि पायवाट पर्यटकांपर्यंत कशी न्यायची

दाभोळच्या धक्क्याला फेरीबोट लागली की आधी गाड्या चढतात, मग दुचाक्या आणि सगळ्यांत शेवटी सायकली घेऊन उभे असलेले चार-सहा जण. पलीकडे धोपाव्याला उतरल्यावर गाड्या न थांबता गुहागरच्या दिशेने निघून जातात. सायकलवाले मात्र पहिल्याच टपरीवर टेकतात. चहा होतो, खाणं होतं, बाटल्या भरून घेतल्या जातात आणि पुढचा चढ केवढा आहे याची चौकशी होते. गाडीतून आलेल्या पाहुण्याला दापोली, गुहागर आणि गणपतीपुळे एवढीच ठिकाणं दिसतात. सायकलवर किंवा पायी आलेल्याला मधली आडे, पाडले, कोळथरे, पालशेत, तवसाळ ही गावंही लागतात आणि तिथे त्याला पाणी, सावली, जेवण, कधी कधी अंथरूणही लागतं. असा पाहुणा आपल्याकडे यावा म्हणून काय करायचं, ते मी इथे सविस्तर लिहितो आहे. घरगुती निवास चालवणारे, ग्रामपंचायतीत बसणारे, तालुक्यातला सायकल ग्रुप सांभाळणारे, अशांसाठी हे आहे.

उदाहरण म्हणून मी बाणकोट खाडी ते जयगड खाडी हा पट्टा घेतो. उत्तरेला सावित्री, मध्ये वाशिष्ठी, दक्षिणेला शास्त्री. मंडणगड, दापोली आणि गुहागर हे तीन तालुके यात येतात. तुमचा पट्टा वेगळा असला तरी कामाचा क्रम फारसा बदलत नाही.

आधी पट्टा ठरवा, आणि तो छोटा ठेवा

रेवसपासून रेडीपर्यंत सगळा किनारा एका दमात प्रसिद्ध करायचा मोह होतो. तो टाळा. ज्याच्याकडे शनिवार-रविवारला जोडून दोन दिवसांची रजा आहे त्याला चार दिवसांत पुरं होईल असं काहीतरी हवं असतं. वेसवीच्या धक्क्यावर उतरायचं, वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरूड, कर्दे, लाडघर, कोळथरे करत दाभोळला यायचं, फेरीबोटीने धोपावे गाठायचं, मग गुहागर, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ आणि पुन्हा फेरीबोटीने जयगड. दोन्ही टोकांना आणि मधोमध खाडी ओलांडायची आहे. ही आखणी माणसाच्या लक्षात राहते, आणि लक्षात राहते म्हणून तो ती दुसऱ्याला सांगतो.

आपल्याकडे चालत जायच्या वाटांचं सगळ्यांत जुनं शहाणपण वारीत आहे. आळंदीहून निघालेल्या पालखीचे सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण हे मुक्काम ठरलेले असतात आणि रोजचा पल्ला त्या मुक्कामांवरून ठरतो. आपणही तसंच करावं. नकाशावर आधी रेघ ओढून मग मुक्काम शोधू नका. जिथे चांगलं जेवण, निजायला कोरडी जागा आणि सायकल ठेवायला पडवी आहे ती गावं आधी पक्की करा आणि त्यांना जोडणारी वाट मागून शोधा.

दिशाही ठरवून टाका. हिवाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्याला तो पाठीवर मिळतो. म्हणून माहितीपत्रकात मुख्य दिशा उत्तर-दक्षिण ठेवा. उलट येणाऱ्यांना कोणी अडवत नाही.

रेल्वेचा विचारही इथेच करायचा. दापोलीकडे यायला खेड, गुहागरसाठी चिपळूण आणि जयगड-मालगुंडकडून परतायला रत्नागिरी ही स्थानकं आहेत. पुण्या-मुंबईहून येणाऱ्याला सायकल पार्सलमध्ये कशी टाकायची, खेडला उतरल्यावर सायकलींसह दापोलीपर्यंत नेणारा टेम्पो कुठे मिळेल, ही माहिती त्याला तुमच्या सूर्यास्ताच्या फोटोपेक्षा जास्त हवी असते.

तीनदा फिरा, तीन वेगळ्या डोळ्यांनी

पहिली फेरी सायकलवर, वही खिशात ठेवून. गाडीतून हा रस्ता समजत नाही. कोकणात खाडीतून वर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, चढायचं आणि सड्यावरून पुन्हा पुढच्या गावात उतरायचं, हे दिवसातून चार-पाच वेळा होतं. एकेक चढ फार लांब नसतो, पण उभा असतो, आणि सड्यावर झाड नसतं. दुपारी बाराला जांभ्याच्या सड्यावर रिकामी बाटली घेऊन उभं राहिलेल्या माणसाला तुमचा किनारा किती सुंदर आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं. म्हणून प्रत्येक चढाच्या पायथ्याशी आणि माथ्यावर पाणी कुठे आहे ते लिहून घ्या. शाळेचा नळ, देवळाची विहीर, किराणा दुकान, काहीही चालेल. एप्रिलमध्येही तिथे पाणी असतं का, ते विचारून घ्या.

दुसरी फेरी पायी. ही बहुतेक जण करत नाहीत आणि खरी दौलत इथेच हाताला लागते. गावागावांतल्या पाखाड्या आठवा : जांभ्याच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना रचलेल्या दगडांचे गडगे, डोक्यावर आंब्या-फणसाची सावली, मध्येच ओढ्यावर एखादा साकव. डांबरी रस्ता जिथे मोठा वळसा घेतो तिथे पाखाडी सरळ खाली उतरते. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीकडे गावातून चढणारी वाट घ्या. गाडीने देवळाच्या दाराशी पोचलेल्याला गाव, आगर आणि समुद्र हळूहळू पायाखाली जाताना दिसत नाहीत, चढून गेलेल्याला दिसतात. पायवाटेसाठी किनाऱ्याला समांतर सलग मार्गाचा हट्ट धरू नका. अशा तासा-दोन तासांच्या पाखाड्या निवडा आणि त्या सायकलवाटेला मण्यांसारख्या ओवा. मुक्कामाच्या गावी तिसऱ्या प्रहरी सायकल ठेवून माणूस पायी निघेल असं बघा. त्याचा मुक्काम एक दिवसाने वाढला तर तो याच पाखाड्यांमुळे वाढेल.

तिसऱ्या फेरीला बाहेरचा माणूस बरोबर घ्या, ज्याने कोकण पाहिलेलं नाही. तुम्ही पुढे जाऊ नका, त्याच्या मागे राहा. तो जिथे चुकतो, जिथे थांबून फोन काढतो, जिथे घाबरतो, ती प्रत्येक जागा टिपून ठेवा. आमच्या बरोबरच्या पाहुण्याने वेळास शोधताना फोनवर नाव टाकलं आणि नकाशाने त्याला खाडीपलीकडच्या श्रीवर्धन तालुक्यातलं वेळास दाखवलं. आपल्याला हे नाव आपल्याच गावाचं वाटतं, कारण आपण तिथले असतो. मुरूडचंही तेच. दापोलीचं मुरूड म्हणजे महर्षी कर्व्यांचं गाव. जंजिऱ्याचं मुरूड रायगडात. त्यामुळे नकाशावर आणि पाटीवर तालुक्याचं नाव लिहिलंच पाहिजे.

वेळासहून केळशीला जाताना भारजेच्या खाडीला वळसा घालून मांदिवलीच्या पुलाकडे जावं लागतं. समोर गाव दिसतं आणि रस्ता उलटीकडे वळतो. अशा जागी नवखा हमखास गोंधळतो. पहिली खूण तिथे लागते.

गावाशी बोलणं

वाट कागदावर आली म्हणजे ती तुमची झाली असं नाही. पाखाडी कुणाच्या तरी अंगणाच्या कडेने जाते. तिथून आजवर गावकरी गेले, देवीची पालखी गेली, त्याला कुणाची हरकत नव्हती. अनोळखी माणसं फोटो काढत जाऊ लागली की हरकत येणार, आणि ती रास्त असेल. म्हणून ज्यांच्या अंगणाजवळून वाट जाते त्यांच्या घरी आधी जाऊन बसा, सभा नंतर. देवराईत आणि देवळाच्या आवारात काय चालतं, काय चालत नाही, ते मानकऱ्यांना विचारा आणि त्यांच्या शब्दांत लिहून घ्या.

मग ग्रामसभेचा ठराव. तीन तालुक्यांतल्या निदान मुक्कामाच्या गावांचे ठराव हातात असले की पुढची दारं उघडतात. रस्त्याच्या हद्दीत पाटी लावायला सार्वजनिक बांधकाम विभागाची परवानगी लागते, किनाऱ्यावर कायमचं काही उभारायचं तर सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे, नियम आहेत, धक्के आणि बंदरं महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीत येतात. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी परवानगी लागेल असं बांधकाम करूच नका. कमानी, सेल्फी पॉइंट, स्वागतकक्ष यांत पैसा जातो आणि सायकलवाल्याचं काहीच अडलेलं नसतं. निधीची वेळ आली की जिल्हा नियोजन समिती आणि प्रादेशिक पर्यटन विकास योजना हे रस्ते आहेत. पण तिथे तुमच्याकडे आकडे असावे लागतात. त्याबद्दल पुढे सांगतो.

मुक्कामाचं घर

सगळी मोहीम इथे उभी राहते किंवा बसते.

दोन वर्षांपूर्वी एका किनारी गावात संध्याकाळी सहाला मी एकटा पोचलो. तीन घरी विचारलं. तिन्हीकडे खोल्या रिकाम्या होत्या. पहिलीकडे “एका माणसासाठी खोली उघडत नाही”, दुसरीकडे “दोन रात्रींचं बुकिंग लागतं”, तिसरीकडे “सायकल बाहेर रस्त्यावर लावा”. त्यांचा दोष नाही. गाडीतून कुटुंब येणार, दोन रात्री राहणार, हाच हिशेब त्यांना माहीत होता. पण सायकलवाटेवरचा माणूस एकटा असतो किंवा दोघं असतात, आणि सकाळी तो पुढे जाणारच असतो. जर्मनीत तिथल्या सायकलस्वारांच्या संघटनेने १९९५ मध्ये ‘बेट उंड बाइक’ नावाची निवासांची मान्यता सुरू केली. तिच्या मुख्य अटी साध्या आहेत : एका रात्रीसाठीही पाहुणा घ्यायचा आणि सायकलला सुरक्षित जागा द्यायची. आपल्याला सुरुवातीला याहून जास्त काही नको.

घरमालकांची बैठक घ्या आणि एवढ्यावर एकमत करा. माणशी दर सांगायचा, खोलीचा नाही. एकट्या माणसाला परत पाठवायचं नाही, आपल्याकडे जागा नसेल तर शेजारच्या घरी फोन करून द्यायचा. सायकली पडवीत किंवा ओटीवर, कुलपाच्या आत. अंगणात नळी आणि एक जुनं फडकं, कारण खाऱ्या हवेत चेन धुतली नाही तर दुसऱ्या दिवशी कुरकुरते. कपडे वाळत घालायला दोरी. हवा भरायचा पंप आणि पंक्चरचं सामान घरात ठेवलेलं बरं, कारण गावात पंक्चरवाला असला तरी त्याच्याकडे सायकलच्या बारीक ट्यूबचा व्हॉल्व्ह बसेल असा पंप सहसा नसतो.

जेवणाचं वेगळं सांगायला हवं. पाहुणा आला की आपल्याकडे मासळीचं ताट आणि मोदक यांवर सगळा जीव लावतात, आणि नाश्ता मिळतो सकाळी नऊला. सायकलवाल्याला ऊन चढायच्या आत निघायचं असतं. साडेसहाला त्याच्या पानात काहीतरी गरम पडलं पाहिजे. त्यासाठी नवं काही शिकावं लागत नाही. मऊ भात, तूप, मेतकूट आणि लोणचं, किंवा घावणे आणि चटणी. पोट भरतं, जड होत नाही, आणि पुण्यातल्या हॉटेलात हे सहसा मिळत नाही. निघताना बाटलीत मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत भरून द्या. मीठ आणि साखर दोन्ही त्याला चढावर हवं असतं. हा माणूस तुमचं नाव पुढच्या दहा जणांना सांगेल, तुम्ही पैसे देऊन छापलेल्या जाहिरातीशिवाय.

खुणा

स्पेनमध्ये सांतियागोच्या यात्रेची जुनी वाट लोक जवळजवळ विसरले होते. १९८४ मध्ये एलियास व्हालिन्या नावाच्या एका खेड्यातल्या पाद्रीने ठिकठिकाणी पिवळे बाण रंगवायला घेतले. आज तेच बाण त्या वाटेची ओळख आहेत. दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर २००७ मध्ये सुह म्युंग-सुक या माजी पत्रकार बाईंनी सांतियागोची वाट चालून आल्यावर ओल्ले पायवाटा सुरू केल्या. तिथे झाडांना निळ्या आणि नारिंगी फिती बांधतात. जपानमधल्या शिमानामी काइदोवर सुमारे ७० किलोमीटर रस्त्याच्या कडेला निळी रेघ आखलेली आहे. सायकलवाल्याने ती धरून जायचं, नकाशा काढायला नको. या तिन्ही ठिकाणी खूण स्वस्त आहे, सारखी आहे आणि जिथे शंका येते तिथे हजर आहे.

आपल्याकडे लाल जांभ्यावर पांढरा किंवा निळा ऑइलपेंट उठून दिसतो. चुना नको, एका पावसात धुऊन जातो. प्रत्येक फाट्यावर तीन खुणा करा : फाट्याच्या आधी पन्नास पावलांवर एक, फाट्यावर एक आणि वळल्यानंतर थोड्या अंतरावर “बरोबर आलात” सांगणारी एक. ही तिसरी खूण सगळे विसरतात आणि त्याच जागी लोक परत फिरतात. पाखाडीवर खूण गुडघ्याच्या उंचीला ठेवा, चालणारा पायाखालीच बघत असतो. देऊळ, दर्गा, किल्ल्याची तटबंदी, समाधी आणि जुनी झाडं यांवर रंग लावायचा नाही. खाजगी गडग्यावर मालकाला विचारून.

नकाशा, नाव आणि शिक्के

एका पानाचा नकाशा करा, दोन्ही बाजूंनी छापा. पुढच्या बाजूला वाट, चढउतारांची आकृती, पाण्याच्या जागा, फेरीबोटीच्या वेळा आणि शेवटची फेरी. मागच्या बाजूला मुक्कामाची घरं, प्राथमिक आरोग्य केंद्रं, एटीएम, कुठे मोबाइलला रेंज नाही ती गावं, आणि ११२ व १०८ हे दोन क्रमांक. कोपऱ्यात ठळक अक्षरात “माहिती तपासल्याची तारीख”. तारीख नसलेल्या माहितीवर अनुभवी प्रवासी विश्वास ठेवत नाही. हीच वाट जीपीएक्स फाइल (फोनवरच्या नकाशात उघडणारी वाटेची नोंद) करून मोफत उतरवून घ्यायला ठेवा. ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या नकाशावर पाखाड्या, विहिरी आणि साकव स्वतः नोंदवा. एकदा तिथे आलं की जगभरातली सायकलची अ‍ॅप्स ते आपोआप उचलतात. या एका कामावर दोन रविवार घालवलेत तर ते वाया जाणार नाहीत.

शिक्क्यांची वही मला फार आवडते. सांतियागोच्या वाटेवर प्रवासी मुक्कामांवर शिक्के घेत जातो आणि किमान १०० किलोमीटर पायी किंवा २०० किलोमीटर सायकलने आल्याचं त्यावरून दाखवलं की प्रमाणपत्र मिळतं. आपणही चार पानांची वही काढावी. शिक्के मात्र प्रसिद्ध ठिकाणी ठेवू नका. हर्णैला लोक सुवर्णदुर्ग आणि मासळीचा लिलाव बघायला जाणारच आहेत. शिक्का ठेवा आड्याच्या किराणा दुकानात, कोळथऱ्यातल्या खानावळीत, तवसाळच्या धक्क्याजवळच्या टपरीत. शिक्क्यासाठी माणूस थांबतो, थांबला की सरबत घेतो, आणि दुकानदाराशी चार शब्द बोलतो.

कोणाला बोलवायचं, आणि कधी

पहिली हाक पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर, सांगली इथल्या सायकल क्लबांना द्या, पण त्यांतल्या वेगवान मंडळींना नको. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करणारे ब्रेव्हेचे, म्हणजे ठरल्या वेळेत लांब पल्ला गाठायच्या सायकलफेरीचे, स्वार कौतुकाचे आहेत, त्यांना तुमच्या गावात मात्र दहा मिनिटंच थांबता येतं. तुमचा पाहुणा दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर जाणारा आहे : पन्नाशीतले मित्र, महिलांचे गट, आईवडिलांबरोबर आलेली दहावीतली पोरं, निवृत्त झालेली आणि नर्मदा परिक्रमेची स्वप्नं बघणारी जोडपी. या लोकांना पायी चालणं आणि परक्या घरी जेवणं यांत आनंद वाटतो.

पहिल्या तुकडीत दहा-बारा जणच बोलवा. तीनशे सायकलींची रॅली काढून उद्घाटन केलं की फोटो छान येतात, पण त्या दिवशी पाणी पुरत नाही आणि लोक तेच लक्षात ठेवतात. त्या दहा-बारा जणांकडून रोज रात्री लिहून घ्या : आज कुठे अडलात, कुठे भीती वाटली, कुठे पैसे द्यायची इच्छा असून घेण्यासारखं काही नव्हतं. शेवटचा प्रश्न फार कामाचा. त्यातून कळतं की पिकलेली केळी, शहाळं, आंबापोळीचा छोटा तुकडा अशा गोष्टी चढाच्या माथ्यावर विकता येतात.

हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. नाताळ ते नववर्ष हा आठवडा जाहिरातीतून वगळा. त्या दिवसांत रस्ते आणि किनारे गाड्यांनी भरलेले असतात आणि सायकलवाल्याच्या वाट्याला धूर येतो. गणपतीत आणि शिमग्यात घरं चाकरमान्यांनी भरलेली असतात, तेव्हाही बाहेरच्या पाहुण्याला बोलवणं बरोबर नाही. ज्याला पालखी बघायचीच आहे तो एखाद्या घरच्यांचा पाहुणा म्हणून येईल. पावसाळ्यात पाखाड्यांवर शेवाळ येतं आणि वादळी हवेत फेरीबोटी बंद राहतात, म्हणून जून ते सप्टेंबर वाट बंद आहे असं स्पष्ट लिहा.

वेळासचं उदाहरण समोर ठेवा. सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांबरोबर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपली आणि मग कासव महोत्सव उभा राहिला. पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक आले, गावातल्या घरांतच राहिले आणि जेवले. हॉटेलं आधी आली नव्हती. तुमच्या माहितीपत्रकात मात्र कासवांच्या किनाऱ्यांबद्दल एक ओळ लिहाच : वाळूवर सायकल नेऊ नका, रात्री बॅटरी लावू नका. वाळूत चाक घालणं तसंही सायकलच्या चेनसाठी वाईट.

समुद्राची सूचनाही पाटीवर असू द्या. घामाघूम झालेला माणूस अनोळखी किनाऱ्यावर सरळ पाण्यात शिरतो. कुठे उतरायचं आणि कुठे अजिबात नाही, हे गावातल्या कोळ्यांना माहीत असतं. त्यांना विचारून लिहा. हेदवीच्या बामणघळीत, किनाऱ्यावरच्या कातळातल्या अरुंद भेगेत, भरतीचं पाणी कसं उसळतं ते लांबून बघायचं असतं, हेही त्यातच.

नोंदवही

प्रत्येक घरी आणि शिक्क्याच्या प्रत्येक दुकानात दोनशे पानी वही ठेवा. तारीख, कुठून आले, सायकल की पायी, किती जण, किती रात्री, साधारण खर्च. सहा रकाने पुरे. वर्षअखेरीला बेरीज करा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. ज्याच्या दुकानात शंभर माणसं थांबली तो पुढच्या वर्षी स्वतःहून विहिरीवर बादली-दोर ठेवतो. याच वह्या घेऊन तुम्ही जिल्हा नियोजन समितीपुढे जाता आणि साकवाची दुरुस्ती मागता.

आणखी एका कामासाठी त्या लागणार आहेत. सागरी महामार्गावर मोठ्या खाड्यांवर पूल होत आहेत. पूल झाले की वाहतूक वाढेल आणि फेरीबोटींचं काय होईल याची धास्ती आहे. आजारी माणसाला लवकर दवाखान्यात नेता येईल, म्हणून पूल हवेतच. पण सायकल आणि पायी जाणाऱ्यांसाठी पुलावर वेगळी कडेची पट्टी असावी, आणि निदान दाभोळ-धोपावे फेरी तरी चालू राहावी, ही मागणी आत्ताच, नोंदीसकट, लेखी करून ठेवा. पूल पुरा झाल्यावर पट्टी जोडणं फार अवघड जातं.

दरवर्षी भातकापणी उरकली की ऑक्टोबरच्या शेवटी एक रविवार ठरवून ठेवा. प्रत्येक गावातले दोघं आपल्या शिवेपासून पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत चालत जातील, एकाच्या हातात कोयता, दुसऱ्याच्या हातात रंगाचा डबा. वाढलेली झुडपं तोडायची, पुसट झालेले बाण पुन्हा गडद करायचे, पडलेला गडगा आणि निसटलेली पायरी वहीत लिहायची, फेरीबोटीच्या वेळा धक्क्यावर विचारून घ्यायच्या आणि संध्याकाळी नकाशावरची तारीख बदलायची.